तारकागुच्छ, दीर्घिका आणि सघन जोडतारे: एकाच माणसाचे तीन विषय कसे?

चौकस_चंपा
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

परवा एका खगोलशास्त्रज्ञ बाईंचं ऑनलाइन व्याख्यान ऐकलं. ओळख करून देणारे म्हणाले की यांचं संशोधन तारकागुच्छ, दीर्घिका आणि सघन जोडतारे या विषयांवर आहे, आणि मी तिथेच अडकले, पुढचं निम्मं व्याख्यान डोक्यावरून गेलं. बघा ना, सघन जोडतारे म्हणजे श्वेत बटू, न्यूट्रॉन तारे, कृष्णविवरं असल्या मेलेल्या ताऱ्यांच्या जोड्या. श्वेत बटू साधारण पृथ्वीएवढा, न्यूट्रॉन तारा तर जेमतेम वीसेक किलोमीटरचा. ४यू १८२०-३० नावाची एक जोडी आहे म्हणे, ती ६८५ सेकंदांत एक फेरी पुरी करते आणि दोघांमधलं अंतर पृथ्वी-चंद्राच्या अंतराच्या निम्म्याहूनही कमी! आणि दुसरीकडे दीर्घिका. आपलीच आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षं पसरलेली. तारकागुच्छ, म्हणजे गुरुत्वाने एकत्र बांधलेला ताऱ्यांचा पुंजका, या दोहोंच्या मधे कुठेतरी.

तर प्रश्न असा की या तिघांत खरंच काही नातं आहे, का बायोडेटात तीन ओळी बऱ्या दिसतात म्हणून? जाणकारांनी सांगा. गणित नको प्लीज.

रिकामटेकडा_७
वाचतोय. गणित नको या अटीला +१.

शंकासुर
चंपाताई, तुमच्या बायोडेटावाल्या ओळीतच उत्तर आहे :)

हल्लीचे शास्त्रज्ञ डेटा जिकडे जातो तिकडे जातात. गाया (ताऱ्यांच्या जागा आणि वेग मोजणारं यान) आलं की सगळे गुच्छवाले, लायगोच्या यंत्रांनी गुरुत्वीय लहरी पकडल्या की सगळे जोडतारेवाले, जेम्स वेब दुर्बीण उडाली की सगळे लांबच्या दीर्घिकावाले. अर्ज करताना तिन्ही शब्द टाकले की कुठल्या ना कुठल्या चौकटीत बसतो माणूस. त्यात गैर काही नाही, पण उगाच 'विश्वाची एकात्मता' वगैरे शोधत बसू नका. आपण आपलं डोळ्याला दिसतं ते बघावं.

निशाचर
शंकासुर, इतकं सरसकट नका हो बोलू.

गुच्छ आणि दीर्घिका हे दोन विषय वेगळे कधी नव्हतेच. आपण आकाशगंगेत नेमके कुठे आहोत हे मुळात तारकागुच्छांनीच सांगितलं. १९१८ च्या सुमाराला हार्लो शॅप्लीने बंदिस्त गुच्छांची (म्हणजे लाखो म्हाताऱ्या ताऱ्यांचे घट्ट गोळे) अंतरं काढली, म्हणजे त्यांच्यातले ठरावीक काळाने कमीजास्त होणारे तारे बघायचे, त्यावरून खरी तेजस्विता आणि त्यावरून अंतर. या पद्धतीचं मूळ हेन्रिएटा लेव्हिटच्या १९१२ च्या कामात, तिने सेफीड ताऱ्यांचा काळ आणि तेज यांचं नातं दाखवून दिलं होतं. तर शॅप्लीला काय दिसलं, की हे गुच्छ आपल्याभोवती सारखे पसरलेले नाहीत, बरेचसे आकाशाच्या एकाच बाजूला, धनू राशीच्या दिशेला दाटलेत. मग त्याने म्हटलं की आकाशगंगेचं केंद्र तिकडे आहे आणि सूर्य कडेला पडलाय. तोपर्यंत बहुतेक लोक सूर्याला केंद्राच्या जवळपास धरून चालले होते. शॅप्लीचे आकडे फुगलेले होते, केंद्र खरं म्हणजे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचं उत्तर याच्या दुपटीहून जास्त आलं होतं, पण दिशा आणि मुद्दा पक्का होता.

गंमत म्हणजे याच शॅप्लीला सर्पिल तेजोमेघ (आज ज्यांना आपण दीर्घिका म्हणतो ते) आकाशगंगेच्या आतलेच वाटत होते. १९२० मधे कर्टिस या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाबरोबर त्याचा मोठा वाद झाला आणि १९२३ मधे एडविन हबलला देवयानीच्या तेजोमेघात सेफीड सापडला तेव्हा कुठे तो मिटला. सांगायचा मुद्दा, गुच्छांनी आपली दीर्घिका मोजली आणि तीच युक्ती वापरून दुसऱ्या दीर्घिका आहेत हे कळलं.

शंकासुर
हे मान्य. पण हा शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास झाला. आणि यात जोडतारे कुठे आले? तेच तर विचारलंय त्यांनी.

कोडगा
एकेकाळी याच विषयात होतो, आता पोटासाठी बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे अधिकार फार नाही पण हौस आहे. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

चंपाताई, तुम्ही जे उदाहरण दिलंत ना, ४यू १८२०-३०, ते एनजीसी ६६२४ नावाच्या बंदिस्त तारकागुच्छाच्या पोटात आहे! म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. आणि हा योगायोग नाही. १९७० नंतर एक्स-रे उपग्रह वर गेले आणि आकाशातले एक्स-रे स्रोत मोजायला सुरुवात झाली. न्यूट्रॉन तारा शेजाऱ्याचा वायू ओढून घेतो, तो वायू पडताना तापतो आणि एक्स-रे टाकतो, असले ते स्रोत. १९७५ च्या सुमाराला लक्षात आलं की आकाशगंगेतल्या ताऱ्यांपैकी हजारात एकसुद्धा तारा बंदिस्त गुच्छांत राहत नाही, पण अशा जोड्यांपैकी दहाएक टक्के मात्र तिथे सापडतात. शंभर पटीहून जास्त! म्हणजे गुच्छाच्या आत काहीतरी घडतंय की ज्याने या जोड्या तयार होतायत.

काय घडतंय? गर्दी. सूर्याच्या आसपास एक घन पारसेक जागा घेतली, म्हणजे प्रत्येक बाजू सव्वातीन प्रकाशवर्षांची, तर तिच्यात सरासरी एक तारासुद्धा धड येत नाही. घट्ट गुच्छाच्या गाभ्यात तेवढ्याच जागेत लाखभर तारे असतात. तिथे तारे एकमेकांच्या इतक्या जवळून जातात की जोड्या जुळतात, मोडतात, एखादा न्यूट्रॉन तारा दुसऱ्याच्या जोडीत घुसतो आणि हलक्याला हाकलून स्वतः तिथे बसतो. जड तारे हळूहळू गाभ्याकडे सरकतात, हलके बाहेर फेकले जातात, त्यामुळे न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरं नेमकी गर्दीच्या जागी पोचतात.

आता उलटी बाजू, जी मला जास्त आवडते. गुच्छ नुसता जोड्या बनवत नाही, जोड्या गुच्छाला जगवतात. गुरुत्वाने बांधलेल्या गोष्टीचा स्वभाव उफराटा असतो, तिच्यातून ऊर्जा काढली की ती आकसते आणि आतले तारे हळू व्हायच्याऐवजी जास्तच जोरात पळायला लागतात. त्यातून अजून ऊर्जा बाहेर जाते, अजून आकसते. असंच चालू राहिलं तर गाभा कोसळतच जायचा. तो थांबतो जोड्यांमुळे. जवळून जाणारा एकटा तारा जोडीकडून ऊर्जा घेऊन भिरकावला जातो, जोडी तेवढीच आत आवळते. हेगीने १९७५ मधे हे नीट मांडलं: घट्ट जोड्या अजून घट्ट होतात आणि सैल जोड्या तुटतात. एका पुरत्या गुच्छाला बांधून ठेवणारी जेवढी ऊर्जा, तिचा चांगला मोठा हिस्सा मोजक्या घट्ट जोड्यांत अडकलेला असू शकतो.

मी सिम्युलेशन चालवायचो तेव्हा हे अंगावर यायचं. काही हजार तारे घेऊन संध्याकाळी कोड सुरू करून जायचं आणि सकाळी येऊन बघायचं तर आतला काळ इंचभरही पुढे सरकलेला नाही. लॉग उघडला की सतत दोनच ताऱ्यांचे नंबर, ओळीमागून ओळ तेच दोन. गाभ्यात एक जोडी जुळलेली असायची, तिची फेरी काही दिवसांची आणि मला गुच्छ चालवायचाय अब्जावधी वर्षं. कोड बिचारा तिच्या प्रत्येक वळणासाठी बारीक पाऊल टाकत बसायचा आणि बाकीचे सगळे तारे ताटकळत. यासाठी स्वेरे आरसेथ यांनी आयुष्य घालवून खास युक्त्या बसवल्या, जोडी वेगळी काढायची, तिची समीकरणं बदलून लिहायची वगैरे. तर एक जोडी विसरलात तर गुच्छ चुकतो. म्हणून गुच्छवाला माणूस जोडतारेवाला होतोच, त्याला पर्याय नसतो.

रिकामटेकडा_७
घट्ट जोड्या अजून घट्ट होतात, सैल जोड्या तिसरा आला की तुटतात. हे शोधायला कॉम्प्युटर लागला? कुठल्याही लग्नाच्या हॉलमधे मावश्यांना विचारायचं होतं.

श्रवणा
😂😂 रिका७, घरच्यांनी वाचलं तर बघा.

कोडगा, प्रतिसाद प्रचंड आवडला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

उल्कापात
कोडगासाहेब, असली सिम्युलेशनं कधीपासून करतात लोक? कॉम्प्युटर आल्यावरच ना?

निशाचर
कॉम्प्युटर यायच्या आधीपासून! एरिक होल्मबर्ग या स्वीडिश माणसाने १९४१ मधे दोन दीर्घिकांची जवळून गाठ पडली तर काय होईल हे विजेच्या दिव्यांनी करून बघितलं. प्रत्येक दीर्घिकेला ३७ दिवे, एकूण ७४. प्रकाशही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो आणि गुरुत्वही तसंच, त्यामुळे प्रत्येक दिव्याच्या जागी किती उजेड पडतो ते फोटोसेलने मोजायचं, तेवढी ओढ समजायची, दिवे थोडे हलवायचे, परत मोजायचं. दीर्घिका वेड्यावाकड्या ओढल्या जातात आणि त्यांना सर्पिल भुजांसारखे भाग फुटतात हे त्याला त्यातून दिसलं.

पुढे १९६० मधे फॉन हर्नर याने कॉम्प्युटरवर गुच्छ चालवला, तारे जास्तीत जास्त सोळा. दशलक्ष ताऱ्यांचा गुच्छ थेट पद्धतीने चालवायला २०१६ उजाडलं.

चंपाताई, हे तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेलंय बरं का. दीर्घिकांच्या टकरी असोत नाहीतर गुच्छातली धक्काबुक्की, गणित एकच, खूप कणांचं एकमेकांवरचं गुरुत्व. फरक इतकाच की दीर्घिकेत दोन तारे एकमेकांना धक्का देतील अशी वेळ विश्वाच्या वयातही येत नाही, तिथे सगळ्यांची मिळून ओढ धरली की भागतं. गुच्छात मात्र प्रत्येक तारा मोजावा लागतो.

शंकासुर
कोडगा, लिहिलंय झकास पण एक बाजूच सांगताय. सघन जोड्या जुळायला गुच्छ लागतोच असं कुठाय? दोन जड तारे जन्मापासून जोडीनेच असतात, एक फुगतो, दुसऱ्यावर वायू ओततो, दोघे एकाच वायूच्या आवरणात गुरफटतात, जवळ येतात, मरतात, झाली सघन जोडी. शेजाऱ्यापाजाऱ्यांची काही गरज नाही. १९७४ मधे हल्स आणि टेलरला सापडलेली न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी, जिच्यावरून गुरुत्वीय लहरींचा पहिला पुरावा मिळाला आणि १९९३ चं नोबेल आलं, ती कुठल्याही गुच्छात नाहीये, मोकळ्या आकाशगंगेत आहे. पावणेआठ तासांत फेरी. १७ ऑगस्ट २०१७ ला एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत जी न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर दिसली तिच्याबद्दलही बहुतेक लोक असंच म्हणतात. तेव्हा गुच्छाला एवढं डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

कोडगा
बरोब्बर, आणि हा वाद आजही चालू आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्यांबाबत तुमचं पारडं जड आहे हे मी लिहून देतो. (हल्स-टेलरसारखीच, फेरी आठ तासांची, एक जोडी एम १५ गुच्छात आहे, पण ती राहू दे.)

कृष्णविवरांचं मात्र इतकं सरळ नाही. लायगोच्या १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या टकरीत ३६ आणि २९ सूर्यांएवढी कृष्णविवरं होती. मार्च २०२० पर्यंतच्या निरीक्षणांतून अशा घटनांची यादी ९० वर गेली. आता या जोड्या कुठे जुळल्या हे कसं ओळखायचं? एक खूण म्हणजे गिरकी. एकत्र जन्मलेल्या जोडीत दोघांची गिरकी कक्षेच्या दिशेने असावी असा अंदाज, गुच्छात कुठून तरी येऊन जुळलेल्यांची दिशा कशीही असणार. डेटात दोन्ही तऱ्हा आहेत असं दिसतं, सगळं एकाच वाटेने येत नाही. दुसरी खूण वजनाची. मे २०१९ च्या एका घटनेत एक कृष्णविवर ८५ सूर्यांच्या घरातलं निघालं, एवढं वजन एका ताऱ्याच्या मरणातून सरळ येणं फार अवघड, कारण तेवढे जड तारे फुटताना मागे काहीच ठेवत नाहीत असं गणित सांगतं. म्हणजे ते बहुधा आधीच्या टकरीतून बनलंय आणि मग परत जोडीत शिरलंय, आणि परत जोडी जुळायची तर गर्दी पाहिजे.

आणि आता माझं आवडतं. एप्रिल २०२४ मधे गायाच्या डेटातून बीएच३ नावाचं कृष्णविवर जाहीर झालं. ३३ सूर्यांएवढं, आपल्यापासून फक्त दोनेक हजार प्रकाशवर्षांवर गरुड तारकासमूहात, सोबतीला एक म्हातारा तारा, फेरी साडेअकरा वर्षांची. मोकळ्या जागेत आहे म्हणून शंकासुर टाळ्या वाजवतील. पण त्याची आकाशातली वाट आणि सोबत्याचं रसायन ईडी-२ नावाच्या ताऱ्यांच्या झोताशी जुळतंय, आणि तो झोत म्हणजे आकाशगंगेने फार पूर्वी विस्कटून टाकलेल्या एका गुच्छाचे अवशेष! गुच्छ, दीर्घिका, सघन जोडी, तिन्ही एकाच ठिकाणी. चंपाताई, बाईंच्या ओळखीत हे तीन शब्द का आले याला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

शंकासुर
टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसतं वाचलं. जुळतंय म्हणजे त्यातूनच आलं असं नाही, पण उदाहरण जबरी आहे.

श्रवणा
तुमचं चालू द्या, मी जरा डोळ्यांनी बघायचं सांगते कारण शंकासुर वर तसं म्हणालेत.

बंदिस्त गुच्छ पहिल्यांदा बघणाऱ्याची हमखास निराशा होते. फोटोत हिऱ्यांचा चुरा आणि दुर्बिणीत राखाडी पुसट गोळा. एम १३ घ्या, शौरी तारकासमूहातला, अंतर पंचवीसेक हजार प्रकाशवर्षं. बायनॉक्युलरमधे तो फोकस बिघडलेल्या ताऱ्यासारखा दिसतो. सहा-आठ इंची दुर्बिणीत जास्त पॉवरची आयपीस लावायची आणि मुख्य म्हणजे गोळ्याकडे थेट बघायचं नाही, नजर जरा बाजूला टाकायची आणि थांबायचं. मिनिटभराने कडा खरखरीत व्हायला लागतात, मग कडेचे एकेक तारे टोचल्यासारखे वर येतात, थेट बघितलं की पळतात. गाभा काही केल्या सुटत नाही, तिथे उजेडच राहतो. कोडगा म्हणतात ते सगळे उद्योग त्याच उजेडात चालू असतात.

खुले गुच्छ त्या मानाने सोपे. कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी, वय दहाएक कोटी वर्षं, म्हणजे तान्हीच. रोहिणीजवळचा व्ही आकाराचा हायडीस गुच्छ साधारण दीडशे प्रकाशवर्षांवर, पण स्वतः रोहिणी त्यातली नाही! ती ६५ प्रकाशवर्षांवर, मधेच उभी राहून फोटोत घुसलेली.

उल्कापात
रोहिणी त्यातली नाही??? मी लोकांना दाखवताना ठोकून द्यायचो.

रिकामटेकडा_७
अवांतर: जोडताऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, तो टी कोरोना बोरिअ‍ॅलिस फुटला का? २०२४ पासून 'आज फुटणार, उद्या फुटणार' चालू आहे. मान मोडली.

श्रवणा
उत्तर मुकुटातला ना. १८६६ आणि १९४६ ला उसळला होता म्हणून साधारण ऐंशी वर्षांचा हिशोब धरतात. त्याला कुठे कॅलेंडर माहितीय.

निशाचर
तोही याच कुळातला आहे बरं. श्वेत बटू आणि तांबडा राक्षसी तारा, फेरी २२७ दिवसांची. राक्षसी ताऱ्याचा वायू बटूवर साचत राहतो आणि पुरेसा साचला की पृष्ठभागावर भडका उडतो, एरवी दहाव्या प्रतीचा तारा दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), म्हणजे जवळपास ध्रुवाएवढा. बटू मरत नाही, परत साचवायला लागतो. पण वजन १.४ सूर्यांच्या जवळ, चंद्रशेखर मर्यादेपाशी पोचलं तर पूर्ण स्फोट. त्याच प्रकारच्या स्फोटांवरून लांबच्या दीर्घिकांची अंतरं काढतात, विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ मधे त्यावरूनच कळलं. घ्या, जोडताऱ्यापासून दीर्घिकेपर्यंत आणखी एक वाट.

वाचनमात्र
धाग्याचा काश्मीर न होता इतके प्रतिसाद! नोंद घ्यावी अशी घटना.

अरुंधती_सातवी
मी दुर्बिणीच्या बाजूची आहे, म्हणजे सिम्युलेशनवाली नाही, दुर्बिणीचा कच्चा डेटा साफ करून त्यातून मोजमाप काढणारी. कोडगा आणि निशाचर यांनी भौतिकशास्त्राचं उत्तर दिलं, मला रोजच्या कामाचं द्यावंसं वाटतं, कारण माझ्या मते बरेच जण तिथूनच या तीन विषयांत जातात.

गुच्छाचा फोटो हातात आला की पहिली अडचण म्हणजे तारे एकमेकांत मिसळलेले असतात. एकाचा उजेड दुसऱ्यावर सांडलेला. मग एखादा सुटा तारा घेऊन त्याचा ठसा कसा पडलाय ते शिकायचं, तो ठसा प्रत्येक ताऱ्यावर बसवायचा आणि वजा करायचा, उरलेल्या चित्रात मागे लपलेले तारे दिसतात, परत तेच. याचं डाओफॉट नावाचं सॉफ्टवेअर १९८७ पासून लोक वापरतायत. हे एकदा हाताला बसलं की तोच माणूस देवयानीचे किंवा मॅगेलन मेघांचे (आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका) सुटे तारेही मोजू शकतो, कारण जवळच्या दीर्घिकेत अडचण तीच, गर्दी. आणि तेच मोजमाप रात्रीमागून रात्री केलं की कोण लुकलुकतंय, कोण ग्रहण दाखवतंय ते कळतं, म्हणजे जोडतारे. तीन विषय दिसतात, हत्यार एकच.

आता एक उदाहरण. गुच्छातले सगळे तारे साधारण एकाच वेळी जन्मले, त्यामुळे जड निळे तारे कधीच संपून गेलेले असायला हवेत. १९५३ मधे ॲलन सँडेजला एम ३ या बंदिस्त गुच्छात काही निळे तारे दिसले जे तिथे असायलाच नको होते, त्यांना ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात. वय लपवणारे लोक! हे तरुण कसे राहिले? एकतर दोन तारे एकमेकांवर आदळून एक झाले, नाहीतर शेजाऱ्याचा वायू पिऊन वजन वाढवलं. दुसरं खरं असेल तर लुबाडलेल्या शेजाऱ्याचा सांगाडा, श्वेत बटू, बाजूला सापडायला पाहिजे, पण साध्या प्रकाशात तो दिसत नाही कारण निळा तारा त्याला दाबून टाकतो. अतिनील प्रकाशात बघितलं तर गरम सोबती पकडता येतो. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने २०१६ मधे एनजीसी १८८ या म्हाताऱ्या खुल्या गुच्छात असा एक पकडला, पुढे एम ६७ मधेही सापडले. तर गुच्छाचं वय काढायला बसलेली माझ्यासारखी माणसं शेवटी जोडताऱ्यांत जाऊन पडतात ती अशी.

चौकस_चंपा
बापरे, किती छान लिहिताय सगळे. अरुंधतीताई, हत्यार एकच हे एकदम पटलं.

एक शंका. निशाचर म्हणाले दीर्घिकेत तारे एकमेकांना धक्का देत नाहीत, गुच्छात देतात. मग ओमेगा सेंटॉरी? कुठे गुच्छ म्हणतात, कुठे जुन्या दीर्घिकेचा गाभा.

निशाचर
तिथेच सीमारेषा पुसली जाते. त्यात कोटीभर तारे, आणि सगळे एका वयाचे, एका रसायनाचे नाहीत, ताऱ्यांच्या वेगवेगळ्या पिढ्या दिसतात. म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की आकाशगंगेने गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेचा तो उरलेला गाभा असावा. जुलै २०२४ मधे हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या पाचशेहून जास्त फोटोंवरून सात तारे असे सापडले की ते गाभ्यात इतक्या वेगाने पळतायत की एव्हाना निसटून जायला हवे होते. त्यांना धरून ठेवायला निदान ८,२०० सूर्यांएवढं कृष्णविवर पाहिजे असा हिशोब.

कोडगा
यालाही दुसरी बाजू आहे, आणि ती परत सघन ताऱ्यांकडूनच येते. ओमेगा सेंटॉरीत पल्सार आहेत. पल्सार म्हणजे ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, त्याचे ठोके हळूहळू मंदावत जायला हवेत. पण गुच्छाच्या ओढीने तो आपल्या दिशेने वेग घेत असेल तर ठोके उलट जलद होताना दिसतात, एम १५ मधे १९८९ ला असा पहिला सापडला होता. म्हणजे घड्याळ उलटं चालतंय असं दिसलं की समजायचं, त्याला ओढणारं वजन आहे, आणि किती ते मोजायचं. ओमेगा सेंटॉरीत ही मोजणी धरली तर एका मोठ्या कृष्णविवराऐवजी गाभ्यात पसरलेल्या हजारो मेलेल्या ताऱ्यांनीही बरंचसं भागतं असं काही जणांचं म्हणणं आहे. निकाल लागायचाय.

रच्याकने (जाता जाता), मिलिसेकंद पल्सार, म्हणजे सेकंदात शेकडो गिरक्या घेणारे, त्यांचा पहिला नमुना १९८२ मधे बॅकर आणि आपले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या गटाला सापडला, सेकंदाला ६४२. आता विक्रम ७१६ चा, तो टर्झान ५ या गुच्छात. इतकी गिरकी येते शेजाऱ्याचा वायू ओढून, म्हणजे प्रत्येक जलद पल्सारमागे एक जोडी असतेच, आत्ता दिसो न दिसो.

शंकासुर
गुच्छातून दीर्घिका आणि जोडी हे पटलं, मी आडमुठा नाही. पण जोडीतून थेट दीर्घिका? निशाचर यांच्या स्फोटांचं सोडा, ते फक्त अंतर सांगतात. सघन जोड्या मोजून दीर्घिकेचा आकार सांगता येईल का? तसं असेल तर मी हार मानतो.

निशाचर
माना मग :)

लिसा नावाची गुरुत्वीय लहरी पकडणारी मोहीम युरोपच्या अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मधे पक्की केली, उड्डाण २०३५ च्या आसपास. तीन यानं, एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर, लेसरने अंतर मोजत सूर्याभोवती फिरणार. लायगोला टकरीचा शेवटचा क्षण ऐकू येतो, लिसाला मिनिटा-मिनिटांच्या फेऱ्यांच्या जोड्या ऐकू येतील, म्हणजे मुख्यतः श्वेत बटूंच्या. एक तर आधीच ठाऊक आहे, २०१९ मधे सापडलेली, एकमेकांना ग्रहण लावणारी, फेरी सात मिनिटांच्याही आत. पण आपल्या आकाशगंगेत अशा जोड्या कोट्यवधी आहेत, सगळ्यांच्या लहरी एकात एक मिसळून सतत गुणगुण येणार. त्यातल्या काही हजार सुट्या करता येतील, बाकीची गुणगुणच राहील. पण ही गुणगुण सगळीकडून सारखी येणार नाही, केंद्राकडून जास्त, तबकडीच्या पातळीत जास्त. आणि लहरींना धूळ आडवी येत नाही. केंद्रापलीकडची जी बाजू प्रकाशात धुळीमागे दडलेली आहे, तिथल्या जोड्याही मोजता येतील. शॅप्लीने गुच्छांवरून काढला तसला नकाशा, या वेळी मेलेल्या जोड्यांवरून.

अरुंधती_सातवी
आणि त्यातल्या ज्यांचा प्रकाशही दिसेल त्या शोधायला गर्दीतून तारे वेगळे काढणारी माणसं लागणार. नोकरी पक्की, शंकासुर.

शंकासुर
हारलो नाही, २०३५ पर्यंत स्थगिती घेतोय. यान आधी उडू दे.

रिकामटेकडा_७
त्या दिवशी धागा वर काढायची जबाबदारी माझी. तोपर्यंत उत्तर मुकुटाकडे बघत बसतो.